मैदानावरची पत्रं : मुद्दाम दुसरी येणारी मुलगी

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी स्वीडनच्या गोल्फपटू अनिका सोरेनस्टामवर दोन ओळी लिहिल्या होत्या. लहानपणी ही मुलगी बक्षीस घेताना बोलावं लागू नये म्हणून मुद्दाम हरायची, एवढंच. त्यावर या महिन्यात आलेली पत्रं मी टेबलावर पसरून बसले आहे. खो-खोवर वर्षभर लिहूनही मला एवढी पत्रं आली नव्हती. म्हणून यावेळचं सगळं सदर तिचंच.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी गोल्फ खेळत मोठी झालेली नाही. कोल्हापुरात 28 वर्षं शाळेत मुलींना खेळ शिकवला. माझे थोरले दादा लष्करातून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाले. ते येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळायला जात. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पहाटे तिथं चालायचे, त्यांची पिशवी कधी ओढायचे, आणि चालता चालता ते मला हा खेळ समजावून सांगायचे. अनिकाचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

बाई, नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे, एअर रायफल शूटिंग करते. सरावात सगळ्यांच्या पुढं असते, पण स्पर्धेत शेवटच्या पाच-सहा शॉटना घसरते आणि दुसरी नाहीतर तिसरी येते. तुमचं वाचून मी तिला सरळ विचारलं, तर रडायलाच लागली. मागं शाळेतल्या सत्कारात तिच्या हातात माईक दिला होता. तिला एक शब्द फुटला नाही आणि मुलं हसली. तेव्हापासून तिला पहिला नंबर नकोच वाटतो म्हणे. मी काय करू?
— एक आई, शाहूपुरी

ताई, आधी एक सांगते. तिला रागावू नका, आणि "त्यात काय एवढं लाजायचं" असंही म्हणू नका. तिच्या लेखी ते एवढं मोठंच आहे, म्हणून तर ती हातातलं पदक सोडून देते.

अनिकाचा जन्म 9 ऑक्टोबर 1970 चा, स्टॉकहोमजवळच्या ब्रो नावाच्या गावातला. पहिलं वेड टेनिसचं. त्या काळात स्वीडनमधलं प्रत्येक पोर ब्यों बोर्गकडं बघूनच रॅकेट हातात घ्यायचं. बाराव्या वर्षी ती गोल्फकडं वळली. तिची धाकटी बहीण शार्लोटाही खेळायची. दोघींत मिळून क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, एकच संच. विषम आकड्यांच्या काठ्या अनिकाच्या आणि सम आकड्यांच्या शार्लोटाच्या, अशी वाटणी झाली होती. थोरल्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला घालणाऱ्या आपल्या घरांना ही वाटणी समजायला अवघड नाही.

ही मुलगी कमालीची बुजरी होती. कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला चार शब्द बोलावे लागत. अनिका पुढं असायची आणि शेवटी शेवटी सोपा पट चुकवायची. पट म्हणजे भोकाजवळ आल्यावर चेंडूला दिलेला हलका टोला. एका पटचं काम ती तीन पटांत करायची आणि दुसऱ्या नंबरवर जाऊन सुटकेचा श्वास टाकायची. प्रशिक्षकांच्या हे लक्षात आलं. त्यांनी तिला बोलावून खरडपट्टी काढली नाही. पुढच्या स्पर्धेला त्यांनी एवढंच ठरवलं की पहिला येईल त्यानंही बोलायचं आणि दुसरा येईल त्यानंही. आता बोलायचंच आहे तर जिंकूनच बोलू, असं त्या पोरीनं मनाशी घेतलं. ही गोष्ट तिनं पुढं स्वतःच कितीतरी वेळा सांगितली आहे.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे. माझ्याकडं 800 मीटर धावणारी एक मुलगी होती, पन्हाळ्याकडच्या एका वाडीतून एसटीनं यायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत शेवटच्या वळणापर्यंत दहा-बारा पावलं पुढं होती आणि तिथून हळू झाली. तिचा दम संपलेला नव्हता, मला कळत होतं. सगळ्यांसमोर मी तिला नको ते बोलले. दहावीनंतर तिनं पळणं सोडलं. पंधरा वर्षांनी महाद्वार रोडला भेटली, कडेवर पोर. वाकून नमस्कार केला आणि बोलता बोलता म्हणाली, "बाई, पहिल्या नंबरला स्टेजवर बोलवायचे. माझ्या पायात बूट नव्हते, कुणाचे तरी मागून घेतलेले मी पळायच्या आधीच परत दिले होते." अनवाणी पळताना तिला काही वाटलं नाही, स्टेजवर अनवाणी जायला वाटलं. मी तिला विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत, ताई. माझ्याहून तुम्ही शहाण्या निघालात.

तेव्हा करायचं काय? बोलण्याचाही सराव असतो. रायफलीचा ट्रिगर पहिल्याच दिवशी कुणाला जमतो? तिला तीन वाक्यं लिहू द्या, तिच्याच शब्दांत. माझं नाव अमुक, मी इतकी वर्षं शूटिंग करते, माझ्या प्रशिक्षकांची मी आभारी आहे. बास. आधी आरशासमोर, मग तुमच्यासमोर, मग आजीसमोर, मग शेजारच्या दोन घरांसमोर. ड्राय प्रॅक्टिस करते ना ती, छर्रा न घालता? तशीच ही. तिच्या प्रशिक्षकांनाही विश्वासात घ्या, सरावाच्या शेवटी रोज एका मुलानं अर्धा मिनिट बोलायचं असं त्यांनी सगळ्यांनाच लावलं तर हिच्या एकटीवर नजर राहणार नाही.

आणि ही बुजरी अनिका पुढं कुठवर गेली तेही तिला सांगा. 2003 मध्ये तिला वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तिथं भाषण चुकत नाही, आणि तिनं ते केलं.

बाई, आम्ही गंगावेशीतली माणसं, तांबड्या मातीत वाढलेली. ह्या गोल्फमध्ये चेंडूला काठीनं हाणायचं आणि मागनं चालत जायचं. ना दम लागतो ना घाम येतो. नातू म्हणतो त्या बाईनं 59 केले म्हणून जगात गाजली. क्रिकेटमधी 59 ला कोण विचारत नाही. जरा उलगडून सांगा.
— एक जुने पैलवान

काका, नमस्कार. क्रिकेटच्या बरोबर उलटं आहे हे. इथं आकडा जितका कमी तितका खेळाडू मोठा.

गोल्फच्या मैदानावर 18 भोकं असतात, एकमेकांपासून लांब लांब. प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या जागेवरून चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा. भोक केवढं? साधारण पावणेअकरा सेंटीमीटर रुंद, आपल्या चहाच्या बशीपेक्षाही लहान. चेंडू 46 ग्रॅमच्या आतला. कुठल्या भोकाला चांगल्या खेळाडूला किती टोले लागावेत ते ठरलेलं असतं: तीन, चार किंवा पाच. त्याला पार म्हणतात. अठराही भोकांची बेरीज बहुतेक मैदानांवर 72 च्या आसपास. पारपेक्षा एक टोला कमी लागला की ती बर्डी. एका फेरीत चार-पाच बर्डी झाल्या तर मोठे खेळाडूही त्या दिवशी खुशीत घरी जातात.

16 मार्च 2001. अमेरिकेतलं फिनिक्स शहर, मून व्हॅली नावाचं मैदान, पार 72. स्पर्धेचा दुसरा दिवस. अनिकाच्या गटाची सुरुवात दहाव्या भोकापासून होती. दहावं, बर्डी. अकरावं, बर्डी. बारावं, तेरावं, असं करत सतरापर्यंत सलग आठ बर्डी. अठराव्याला पार. मग फिरून पहिल्या भोकावर आली आणि पुन्हा सलग चार बर्डी. तेरा भोकांत बारा! काका, खासबागेत एखाद्यानं एकामागून एक बारा कुस्त्या चीतपट केल्या तर बसलेली माणसं कशी उठून उभी राहतील, तसं तिथं झालं असणार. पुढं आठव्या भोकाला आणखी एक. बेरीज 59, पारपेक्षा 13 कमी. महिलांच्या अधिकृत स्पर्धेत साठच्या खाली जाणारी ती पहिली. त्या दिवशी तिच्याच गटात शार्लोटा खेळत होती. सम आकड्यांच्या काठ्या घेऊन मोठी झालेली ती धाकटी बहीण सगळ्या फेरीभर शेजारी होती, हे मला त्या 59 इतकंच मोलाचं वाटतं. चार दिवस मिळून अनिकाचे 261 टोले झाले, पारपेक्षा 27 कमी. एवढं करूनही दुसऱ्या आलेल्या कोरियाच्या पाक से-रीपेक्षा ती फक्त दोन टोल्यांनी पुढं होती.

आता दमाचं आणि घामाचं. एका फेरीत माणूस सात-आठ किलोमीटर चालतो, चार-साडेचार तास, चढउतारावर, आणि स्पर्धा बहुधा चार दिवसांची. पण तुमचा मुद्दा मी सोडत नाही, कारण तो अनिकालाही पटला असता. 1999 आणि 2000 मध्ये ऑस्ट्रेलियाची कॅरी वेब तिच्या पुढं निघून गेली. वर्षातली सर्वोत्तम खेळाडू हा मान दोन्ही वर्षी वेबला. त्यानंतर अनिका व्यायामशाळेत गेली. वजनं उचलली, पुलअप्स काढले, मांड्या आणि पाठ घडवली. तिचा चेंडू आधीपेक्षा बराच लांब जायला लागला. 2001 पासून 2005 पर्यंत सलग पाच वर्षं तो मान तिचा, आणि आधीचे तीन धरून एकूण आठ वेळा. 2002 मध्ये तर अमेरिकेतल्या महिलांच्या टूरवर, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेत, एकाच वर्षात 11 स्पर्धा जिंकल्या. तालमीत जोर-बैठका काढल्याशिवाय डाव चालत नाहीत, हे तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात. तिनं वेगळं काही केलं नाही.

फरक एवढाच की कुस्तीत समोरचा गडी दिसतो. त्याच्या डोळ्यात बघून तुम्हाला कळतं तो पट काढणार की ढाक लावणार. इथं समोर कुणी नसतं. चेंडू गपगार पडलेला असतो आणि विचार करायला नको तितका वेळ मिळतो. त्या मोकळ्या वेळात माणूस बिघडतो. स्वीडनच्या संघाच्या प्रशिक्षक पिया निल्सन यांनी यावर फार विचार केला. त्यांनी मुलींना विचारलं, तुमच्या घरच्या मैदानावरच्या प्रत्येक भोकाला आजवर कधीतरी एकदा बर्डी केली आहे की नाही? सगळ्या म्हणाल्या, हो. मग एकाच दिवशी अठराही का होऊ नयेत? 72 वजा 18, म्हणजे 54. तो आकडा आजवर कुणी गाठलेला नाही. पण त्या प्रश्नानं वाढलेली मुलगी सलग आठ बर्डी झाल्यावर बिचकली नाही, पुढच्या भोकाकडं चालत गेली.

त्यांचीच आणखी एक शिकवण आहे, शाहूपुरीच्या ताईंनीही वाचावी. चेंडूच्या मागं काही पावलांवर मनात एक रेघ ओढायची. रेघेच्या अलीकडं काय तो विचार: वारा कुठला, काठी कुठली, अंतर किती. एकदा रेघ ओलांडली की विचार बंद, फक्त टोला. अनिका प्रत्येक टोल्याला इतका सारखाच वेळ घ्यायची की बघणाऱ्याला घड्याळ लावता आलं असतं.

बाई, आडनावाचा उच्चार नक्की काय?
— एक वाचक, ताराबाई पार्क

स्वीडिश उच्चार 'सोरेनस्ताम'च्या जवळचा आहे. मराठी वर्तमानपत्रांनी 'सोरेनस्टाम' रूढ केलं आहे, मीही तेच लिहिते.

मॅडम, मी जुना बुधवारात राहतो, पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळतो. गेल्या सीझनला आमचा एक गोल रेफ्रींनी रद्द केला आणि आम्ही बाहेर गेलो. नियमात बसत होतं म्हणे. त्यानंतर बूट घालायचं मन होत नाही. अशा मोठ्या खेळाडूंवर कधी अन्याय होतो का?

होतो, बाळा. 2000 साली स्कॉटलंडमध्ये लॉख लोमंड इथं सॉलहाइम कप होता. युरोपच्या मुली विरुद्ध अमेरिकेच्या. अनिकानं भोकाभोवतीच्या हिरवळीबाहेरून एक सुंदर चिप मारली, चेंडू उचलून टाकल्यासारखा थेट भोकात. युरोपच्या बाजूनं आरडाओरडा. आणि मग अमेरिकेच्या बाजूनं हरकत घेतली. अशा सामन्यात ज्याचा चेंडू भोकापासून जास्त लांब त्यानं आधी खेळायचं असतं. लांबचा चेंडू अमेरिकेच्या खेळाडूचा होता, थोड्याच फरकानं. पाळी सोडून खेळलं तर प्रतिपक्षाला टोला पुन्हा मारायला लावता येतो. त्यांनी लावला. अनिकानं पुन्हा मारला, तो गेला नाही. ती रडली, सगळ्या जगानं बघितली.

नियम होता, म्हणून हरकत घेणं चूक नव्हतं असं म्हणणारे तेव्हाही होते. मला स्वतःला ती हरकत आवडत नाही. मी असते तर घेतली नसती. पण नियम तिला लागू होता, हे तिनंही नाकारलं नाही. त्यानंतर ती पुन्हा मैदानावर उतरली आणि युरोपनं तो कप साडेचौदा विरुद्ध साडेअकरा असा जिंकला. आता तारखांकडं बघ. हे ऑक्टोबर 2000 चं. 59 चा दिवस त्यानंतर पाच महिन्यांनी उजाडला. बूट धुऊन ठेवले असशील तर उन्हात घाल, आणि नियमांचं पुस्तक पूर्ण वाच. पेठेत ते वाचलेला एक तरी पोरगा असलाच पाहिजे.

बाई, मी शिवाजी विद्यापीठात शिकते. कोलोनियलबद्दल वाचलं. अनिका पुरुषांच्या स्पर्धेत खेळली आणि दोन दिवसांत बाहेर पडली. वर्गातली मुलं म्हणतात, बघ, शेवटी सिद्ध झालंच ना? मला उत्तर सुचलं नाही.

तुझं पत्र वाचून मी 2003 च्या मे महिन्यात गेले. शाळेला सुट्टी होती, मी पुण्यात दादांकडं होते. सकाळी पेपर आला की ते आधी खेळाचं पान काढायचे. "आली का गं आपली बाई आत?" असं विचारायचे. आपली बाई म्हणायचे तिला, ज्या माणसाच्या सैन्यातल्या मेसमध्ये बायकांना वेगळी खुर्ची होती, ते माझे दादा.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला कोलोनियल नावाचा क्लब आहे. तिथल्या पुरुषांच्या स्पर्धेत खेळायचं आमंत्रण अनिकानं स्वीकारलं. याआधी पुरुषांच्या त्या टूरवर बाई खेळली होती ती 1945 मध्ये, बेब झहारियास. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांची शर्यत अशी दोन सुवर्णपदकं जिंकलेली, नंतर गोल्फमध्ये आलेली ती बाई. म्हणजे 58 वर्षांनी हे घडत होतं. काही पुरुष खेळाडूंनी उघड नाराजी दाखवली, एकानं तर तिनं बाहेर पडावं अशी इच्छाही बोलून दाखवली. ज्या मुलीला बालपणी चार माणसांसमोर आभार मानता येत नव्हते, तिच्या पहिल्या टोल्याला हजारो माणसं आणि शेकडो पत्रकार. तो टोला सरळ मधोमध गेला. मग तिनं छातीवर हात ठेवला आणि आता भोवळ येते की काय अशी पावलं टाकली. सगळे हसले, तीही हसली.

पहिल्या दिवशी 71, दुसऱ्या दिवशी 74. मैदानाचा पार 70. दोन दिवसांनंतर ठरावीक आकड्याच्या आतले खेळाडूच पुढं जातात, त्याला कट म्हणतात. तिचा कट चार टोल्यांनी हुकला. शेवटी तिच्या डोळ्यात पाणी होतं.

आता मुलांना काय सांगशील? ते म्हणतात ते सिद्ध करायला ती गेलीच नव्हती. बायका पुरुषांहून सरस आहेत असं ती कुठंही म्हणाली नाही. आपल्या स्पर्धांत सगळं जिंकून झाल्यावर, याहून कठीण मैदानावर, याहून मोठ्या दडपणाखाली माझा खेळ टिकतो का, हे तिला बघायचं होतं. आणि तिच्याबरोबर त्या आठवड्यात काही पुरुषही कटच्या बाहेर राहिले, त्यांच्यावरून कुणी काही सिद्ध केलं नाही. एवढं एक वाक्य वर्गात बोललीस तरी पुरे.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. ती आपल्या टूरवर परतली आणि जूनमध्ये एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकली. ऑगस्टमध्ये इंग्लंडला रॉयल लिदम अँड सेंट ॲन्सच्या मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकली, पुन्हा पाक से-रीला एका टोल्यानं मागं टाकून. त्या विजयानं तिचं ग्रँड स्लॅम पूर्ण झालं, चारही वेगवेगळ्या मोठ्या स्पर्धा नावावर. दादांनी तो पेपर घडी करून कपाटात ठेवला. ते गेल्यावर वहिनींनी मला दिला. पिवळा पडला आहे, घड्यांवर फाटतो आहे, पण आहे.

बाई, गोल्फ श्रीमंतांचा खेळ. तुम्ही आमच्या मुलींना त्याची स्वप्नं का दाखवता?
— एक पालक, कळंबा

मी गोल्फची स्वप्नं दाखवत नाही. क्लब महाग, मैदानं थोडी, फी जास्त, हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. आपल्या देशातही बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, एका टोल्यानं पदक हुकलं. ती इथवर आली त्यामागं घरच्यांनी दिलेला वेळ आणि पैसा आहेच. कोल्हापूरच्या मुलींपुढं नेमबाजीत तेजस्विनी सावंत आहे, 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली. तिच्याकडं बघा, मी ना म्हणत नाही. अनिकाची गोष्ट मी सांगते ती त्या एका संचाच्या वाटणीसाठी आणि त्या माईकसाठी. त्याला श्रीमंती लागत नाही.

बाई, मी अडतीस वर्षांची आहे. राज्य पातळीवर कबड्डी खेळले, लग्नानंतर सुटलं. वाचलं की अनिकानंही सदतिसाव्या वर्षी खेळ सोडला, मग लग्न, मुलं. म्हणजे एवढी मोठी झाली तरी शेवटी तिलाही सोडावंच लागलं ना?
— राजारामपुरी

ताई, तुमचं पत्र मी दोनदा बाजूला ठेवलं आणि दोनदा परत घेतलं.

आधी तिचं सांगते. 2006 मध्ये तिनं यूएस ओपन तिसऱ्यांदा जिंकली, पहिल्या विजयानंतर अकरा वर्षांनी. ती तिची दहावी आणि शेवटची मोठी स्पर्धा. 2007 मध्ये मान आणि पाठ दुखावली आणि अमेरिकन टूरवर त्या वर्षी एकही विजय नाही. लोकांनी तेव्हाच तिला संपवलं होतं. 2008 मध्ये परत येऊन तिनं तीन स्पर्धा जिंकल्या, आणि तिसरी जिंकल्यावर दोनच दिवसांत, मे महिन्यात, सांगितलं की हे वर्ष संपलं की मी थांबते. टूरवर 72 विजय झाले होते. घर हवं होतं, मुलं हवी होती, मुलींसाठी सुरू केलेल्या संस्थेचं काम वाढवायचं होतं. 2009 मध्ये मुलगी झाली, 2011 मध्ये मुलगा.

तुम्ही म्हणता तिलाही सोडावंच लागलं. नाही ताई, तिनं सोडलं. या दोन शब्दांमध्ये माझं अख्खं आयुष्य आहे. मी बाविसाव्या वर्षी हॉकी स्टिक माहेरच्या माळ्यावर ठेवली. कुणी हात धरून थांबवलं नाही. सासूबाई चांगल्या होत्या, घर चांगलं होतं. पण खेळायचं आहे का, असं मला कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःलाही विचारलं नाही. धरूनच चालले की आता ते संपलं. अनिकाला तिचा शेवट तिनं निवडलेल्या दिवशी जाहीर करता आला. तुम्हाला आणि मला तो दिवस कुठला होता हेसुद्धा आठवत नाही. हे दुःख खरं आहे, ते मनातून काढून टाका असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण गोष्ट 2008 ला संपत नाही. 2021 मध्ये, वयाच्या पन्नाशीत, ती अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये यूएस सीनियर विमेन्स ओपन खेळायला उतरली. ती स्पर्धा पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठीच असते. नवऱ्याच्या खांद्यावर तिची पिशवी होती, दोन्ही मुलं दोरीच्या बाहेर उभी. त्या मुलांच्या जन्माआधी आईनं टूर सोडली होती. ती स्पर्धा तिनं आठ टोल्यांनी जिंकली.

कबड्डीला अडतीस म्हणजे गुडघ्यांचं वय आहे, खोटं कशाला बोलू? पण मास्टर्स ॲथलेटिक्सच्या स्पर्धा पस्तिशीपासून पुढं वयोगटानुसार होतात. चढाईला जाणाऱ्या बाईच्या पायात पळणं असतंच. आणि पेठेपेठेतल्या मुलींना पकडीत कसं उभं राहायचं ते शिकवायला राज्य खेळलेली बाई सापडत नाही. दोन्हींपैकी काहीच नको असेल तरी चालेल. फक्त या वेळी स्वतःला विचारा आणि उत्तर स्वतःच द्या.

शाहूपुरीच्या ताई, तुमच्यासाठी एक निरोप. मी रोज सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूनं चालते. रविवारी लेकीला घेऊन या. तिची तीन वाक्यं तिनं मला चालता चालता म्हणून दाखवावीत. तळ्याकडं तोंड करून म्हटली तरी चालेल, मी तिच्याकडं बघणार नाही.